पट्टा कमरेला की गळ्याला?

भिवंडी म्हटले की बाहेरच्या माणसाला अजून यंत्रमागच आठवतो. पण ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून आले की काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, गुंदवली, दापोडा, मानकोली या सगळ्या पट्ट्यात मागाच्या खडखडाटापेक्षा कंटेनरची घरघरच जास्त ऐकू येते. जेथे भाताची खाचरे होती तेथे गोदामांचे गाळे उभे राहिले. मुंबईकर घरबसल्या जी वस्तू मागवतो ती पुष्कळदा याच गाळ्यांतून निघते. ती वस्तू उचलणारे, मोजणारे, खोक्यात भरणारे हात कोणाचे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून पोटासाठी आलेली आपली माणसे त्यांत आहेत. बाप बारा तासांच्या पाळीवर, आई पॅकिंगला, आणि शाळा सुटल्यापासून रात्री आठपर्यंत पोर एकटे.

या एकट्या पोराला वळसारख्या गावात जाण्यासारख्या जागा दोनच. एक मोबाईल आणि दुसरी कराटेचा क्लास. (विहारात अभ्यासिका चालू असेल तर तिसरी, पण ती किती विहारांत चालू आहे, याचे उत्तर ज्या त्या समितीने स्वतःलाच द्यावे.) म्हणून आई-बाप पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरतात. पोरगे पांढऱ्या गणवेशात घरी येते, ताठ उभे राहते, वाकून नमस्कार करते. बापाला वाटते, चला, पोरगे रस्त्यावरून वाचले. २००६ साली खैरलांजी घडले, २०१४ साली खर्ड्यात एका कोवळ्या पोराला मारून झाडाला टांगले. हे ज्यांनी पाहिले त्या आई-बापांना आपली लेकरे स्वतःचे रक्षण करायला शिकावीत असे वाटले तर त्यात चूक काहीच नाही. आम्ही तर म्हणू, उलट फार उशीर झाला.

तेव्हा आमचे भांडण युद्धकलेशी नाही. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले, हा आपला इतिहास आहे. महाड सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले तेही हातात लाठी घेऊनच. आमचे भांडण आहे ते त्या क्लासशी, जेथे लेकराला मारायला शिकवण्याआधी त्याचा 'नाही' हा शब्द काढून घेतला जातो.

मध्यंतरी या गोदामपट्ट्यातील एक माथाडी कामगार आमच्याकडे आले. हातात क्लासचा छापील फॉर्म. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या मास्तरांच्या स्पर्धेत भाग घेतला, हा त्याचा गुन्हा. त्याबद्दल सरांनी सगळा वर्ग रांगेत उभा केला आणि प्रत्येक मोठ्या पोराला त्या मुलाच्या पोटात एकेक लाथ मारायला सांगितली. मारणाऱ्यांत त्याचा जिवलग मित्रही होता. मुलाने दोन महिने घरी काही सांगितले नाही. शेवटी आईच्या नजरेला आले की पोरगे मंगळवारी आणि शुक्रवारी जेवत नाही. ते क्लासचे दिवस होते.

त्या बापाने आम्हांला "केस करू का" असे विचारले नाही. त्याने विचारले, "वकीलसाहेब, मी फॉर्मवर सही केली आहे. आता मला बोलता येते का?"

हा प्रश्न आम्हांला फार लागला. ज्या समाजाला हजारो वर्षे कागदापासून दूर ठेवले, त्या समाजाला आता कागदानेच बांधायचे, हा प्रकार नवा नाही. गोदामात ठेकेदार कोऱ्या कागदावर अंगठा घेतो, क्लासमध्ये सर छापील कागदावर सही घेतात. त्या फॉर्ममध्ये काय होते? कोणतीही इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही. विद्यार्थी दुसरीकडे शिकणार नाही. सरावाच्या वेळी पालक आत येणार नाहीत. मध्येच सोडल्यास तीन वर्षांची फी भरावी लागेल. आणि शेवटी, मुख्य प्रशिक्षकांचा शब्द अंतिम राहील. जो शब्द अंतिम असतो त्याला आपण काय म्हणतो, हे बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली तेव्हाच ठरले आहे.

कायद्याच्या दृष्टीने या कागदाची किंमत सांगतो, कारण प्रत्येक आई-बापाला ती माहीत असली पाहिजे. भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये खेळातील इजेचा विचार आहे, आणि कायद्याने उदाहरण घेतले आहे तेही तलवारबाजीचेच. दोघे हौसेने खेळायला उतरले, नियमाने खेळले आणि एकाला लागले तर दुसऱ्याचा गुन्हा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २५ म्हणून आले आहे. पण यात दोन अटी आहेत आणि क्लासवाले नेमक्या त्याच सांगत नाहीत. पहिली अट, संमती देणारा अठरा वर्षांवरचा हवा. दुसरी अट, खेळ नियमाने झालेला हवा. रांग लावून एका पोराला लाथा घालणे हा खेळ नाही, त्यात प्रतिस्पर्धीही नाही आणि नियमही नाही. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाच्या संमतीने केलेल्या कृत्याला वेगळे कलम आहे (जुने ८९, नवे २७), पण तेथेही सद्भावना लागते आणि मुलाला गंभीर दुखापत करण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. भीतीपोटी दिलेली संमती ही तर संमतीच नव्हे (जुने ९०, नवे २८).

राहिला करार. अज्ञान मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच मोहरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. बापाने सही केली म्हणून मुलाला मारण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. उलट ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानेच त्याला मारहाण केली, त्याचा छळ केला, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तेव्हा त्या बापाला आम्ही सांगितले, तुम्हांला बोलता येते. सही तुमची आहे, पोराचे अंग तुम्ही लिहून दिलेले नाही.

आता कोणी म्हणेल, वकीलसाहेब, शिस्त नको का? शिस्तीशिवाय युद्धकला शिकता येते का? शिस्त हवीच. पहाटे उठणे, वेळेवर येणे, शंभर वेळा तोच ठोसा मारणे, हरल्यावर समोरच्याला नमस्कार करणे, हे सारे हवे. कराटेत वाकून नमस्कार करतात तो दोघेही करतात, शिकणारा आणि शिकवणाराही. नीट पाहिले तर त्या नमस्कारात समता आहे. जेथे पोरेच वाकतात आणि सर कमरेवर हात ठेवून उभे राहतात, तेथे शिस्त संपली आणि दुसरेच काही सुरू झाले, असे समजावे.

दुसरे काही म्हणजे काय? दरवाजा बघावा. पालकाला सराव पाहू देत नाहीत, काचेवर कागद चिकटवले आहेत, तर का? पोर आजारी असताना "आज येत नाही" म्हणू शकते का, की तापातही जाते, कारण न गेल्यास वर्गापुढे अपमान होतो? लागले तर सर दवाखान्यात पाठवतात, की "मर्द हो" म्हणून पुन्हा उभे करतात? डोक्याला मार बसल्यावर त्याच दिवशी पुन्हा फाइटला उभे करणे हे तर सरळ जिवावर बेतणारे आहे. पोरे रविवारी सरांच्या घरी फरशी पुसायला, कोणा पुढाऱ्याच्या मिरवणुकीत गणवेश घालून कडे करायला जातात का? रात्री अकराला सर पोरीला मोबाईलवर निरोप पाठवतात का? "हे घरी सांगायचे नाही, घरच्यांना यातले कळत नाही" असे वाक्य पोराच्या तोंडी आले आहे का? यातले शेवटचे वाक्य ऐकले की आम्ही बाकीचे विचारीतच नाही.

आणखी एक खूण आहे, ती फारशी कोणी बघत नाही. क्लास सोडून गेलेल्यांबद्दल आत काय बोलले जाते ते बघावे. चांगल्या मास्तरांकडचा मुलगा सोडून जातो, नोकरीला लागतो, दहा वर्षांनी पेढे घेऊन येतो. वाईट क्लासमधून जो जातो तो गद्दार ठरतो, त्याच्याशी बोलायला बंदी होते, त्याचा फोटो भिंतीवरून उतरतो. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावाने टाकले तेव्हा आपण गाव सोडले. क्लासने टाकले तर तेरा वर्षांच्या पोराने कोठे जावे? त्याचे सारे मित्र तर आत आहेत.

या सगळ्यावर पांघरूण घातले जाते परंपरेचे. "ही हजारो वर्षांची पद्धत आहे" असे सांगतात. कसली हजारो वर्षे? पट्ट्याची दर्जापद्धत जपानमध्ये ज्युडोच्या जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात आणली. कराटेत फुनाकोशी गिचिन यांनी पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ साली. रंगीबेरंगी पट्ट्यांची शिडी युरोपात १९३० च्या दशकात रूढ झाली. म्हणजे महाडचा सत्याग्रह आणि कराटेचा काळा पट्टा जवळपास एकाच वयाचे. पट्टा ही शिकण्याची सोय आहे, पूजेची वस्तू नाही. पण दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची फी, प्रत्येक पट्ट्याला नवे प्रमाणपत्र असा व्यवहार बसवला की पट्टा कमरेला असला तरी दोरी गळ्याला लागते.

आपल्या पोरांसाठी तर खास वेगळे आमिष आहे. त्यांना सांगतात, ही कला बोधिधर्माने भारतातून शाओलिनला नेली, म्हणजे ही बुद्धाचीच कला आहे, सर म्हणजे बुद्धाच्या परंपरेतले आचार्य. पोरगे हरखून जाते. तांग हाओ या चिनी इतिहासकाराने १९३० च्या दशकातच ही कथा तपासून खोडून काढली. तिचा माग सतराव्या शतकातील एका चिनी ग्रंथापलीकडे फारसा जात नाही. पण वादासाठी कथा खरी धरू. मग तर हिशेब बुद्धाच्या मापाने करावा लागेल, आणि त्या मापाने हे सर कोठे बसतात ते पाहू.

आपल्याकडे म्हण झाली आहे, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक डाव राखून ठेवतो. राजकीय सभेत हे वाक्य आले की टाळ्या पडतात. पण त्याचा अर्थ काय? शिष्य कधीही गुरूच्या बरोबरीला येऊ नये, याची तजवीज. तथागतांनी महापरिनिब्बानाच्या आधी आनंदाला नेमके याच्या उलट सांगितले. आपल्या शिकवणीत आतले-बाहेरचे असे काही नाही, आचार्याची झाकलेली मूठ नाही. पालीत त्यासाठी शब्दच आहे, आचरियमुट्ठि. कराटेच्या क्लासला हा शब्द किती चपखल लागू पडतो ते पाहा. तेथे पोराला मूठ आवळायला शिकवतात, पण सरांची मूठ उघडत नाही. सिगालोवाद सुत्तात शिष्याने आचार्याशी कसे वागावे हे पाच प्रकारांनी सांगितले आहे, आणि लगेच आचार्याने शिष्याशी कसे वागावे हेही पाच प्रकारांनी. त्यात आपली कला पूर्णपणे शिकवणे हे एक कर्तव्य आहे. विनयात तर शिष्य आजारी पडला तर उपाध्यायाने त्याची शुश्रूषा करावी असे आहे, आणि समर्थ भिक्खूने आचार्याच्या आश्रयाने राहण्याची मुदत पाच वर्षांची आहे. मुदत! गुरूपासून मोकळे होण्याची तारीख ठरवून देणारा धम्म आपला आहे. वीमंसक सुत्तात तर तथागत भिक्खूंना म्हणतात की प्रत्यक्ष तथागतालाही डोळ्यांनी आणि कानांनी तपासून घ्या. जे बुद्धाला तपासून घेऊ शकतात त्यांनी क्लासच्या सरांना दोन प्रश्न विचारू नयेत?

इकडे गुरुपौर्णिमेला क्लासमध्ये काय चालते? सरांचे पाय ताटात धुतात, पोरे रांगेने पाकिटे ठेवतात. तीच आषाढ पौर्णिमा आपल्यासाठी सारनाथच्या पहिल्या धम्मोपदेशाची आणि वर्षावासाच्या प्रारंभाची. एकाच संध्याकाळी आई विहारात त्रिसरण घेते आणि पोरगे क्लासमध्ये पाय धुते, असे दृश्य आम्ही या पट्ट्यात पाहिले आहे. आईला दोष देत नाही. तिला कोणी सांगितलेच नाही.

गुरुदक्षिणेचे म्हणाल तर दोन कथा शेजारी शेजारी ठेवून बघा. एकलव्याची कथा आपण सारे जाणतो. द्रोणाचार्याने शिकवलेही नाही आणि अंगठा मात्र मागून घेतला. (आणि याच द्रोणाचार्याच्या नावाने भारत सरकार १९८५ पासून सर्वोत्तम प्रशिक्षकाला पुरस्कार देते. एवढ्या वर्षांत कोणाला दुसरे नाव सुचले नाही.) दुसरी कथा अंगुलिमालाची, ती अट्ठकथेत आहे. त्याचे मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेला शिकत होता, सर्वांत हुशार होता. मत्सराने सहाध्यायांनी गुरूचे कान भरले आणि गुरूने दक्षिणा मागितली एक हजार माणसांच्या बोटांची. गुरूचा शब्द मोडायचा नाही, म्हणून अहिंसक नावाचा मुलगा खुनी झाला. एका गुरूने शिष्याला स्वतःचे बोट कापायला लावले, दुसऱ्याने इतरांची. त्या माथाडी कामगाराच्या मुलाला लाथ मारणाऱ्या त्याच्या मित्राची आठवण आम्हांला येथे होते. तोही चौदा वर्षांचाच. त्यालाही सांगितले होते, मार. ज्याला मारले त्याच्याबद्दल आपण बोलतो, ज्याला मारायला लावले त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. तो पोरगा आज काय शिकला?

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. गंमत अशी की या तिघांपैकी एकही बाबासाहेबांच्या समोर दक्षिणा मागायला हयात नव्हता. फुल्यांचे निधन १८९० चे, बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी देशाला इशारा दिला तो भक्तीविषयीच. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात ती अधःपतनाचा आणि हुकूमशाहीचा मार्ग ठरते, असा त्याचा आशय. हुकूमशाही काय एकदम दिल्लीत सुरू होते? तिची तालीम आधी अशा वीस बाय तीसच्या खोलीत होते.

परदेशात हे सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. ज्या जपानमधून हे 'सेन्सेई' आले तेथे १९८३ पासून पुढच्या सुमारे पंचवीस-सव्वीस वर्षांत शाळांतील ज्युडोत शंभरहून अधिक विद्यार्थी दगावले, असा अभ्यास तेथल्याच संशोधकांनी पुढे आणला. तेथल्याच राष्ट्रीय संघातील पंधरा महिला ज्युडोपटूंनी प्रशिक्षक थोबाडीत मारतात, बांबूच्या तलवारीने झोडपतात अशी तक्रार केली. २०१३ च्या सुरुवातीला ती जगजाहीर झाली आणि प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले. तैवानमधील ताईचुंग शहरात २०२१ च्या एप्रिलमध्ये जे घडले ते मात्र प्रत्येक बापाने, काकाने, मामाने ऐकावे. सात वर्षांच्या मुलाला ज्युडोच्या वर्गात सत्तावीस वेळा आपटले गेले. मुलगा पाय दुखतो, डोके दुखते म्हणत होता. त्याचा काका तेथे हजर होता, मोबाईलवर चित्रण करीत होता. थांबवले नाही, कारण शिकवणाऱ्याच्या कामात बोलायचे नसते. मूल जूनअखेर वारले. पुढे २०२२ मध्ये न्यायालयाने त्या प्रशिक्षकाला नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली. काका दुष्ट नव्हता. तो फक्त आपल्यासारखा होता.

आणि आपल्या देशात? जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला पैलवानांनी लैंगिक छळाचे आरोप केले. गुन्हा नोंदवायला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तो नोंदवला गेला २८ एप्रिलला. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोप निश्चित केले. आरोपीला ते मान्य नाहीत आणि निकाल न्यायालयाने द्यायचा आहे. आमचा मुद्दा निकालाचा नाही. ऑलिम्पिकचे पदक गळ्यात असलेल्या साक्षीला एवढे करावे लागले, तर वळच्या गोदामात पॅकिंग करणाऱ्या बाईच्या सातवीतल्या मुलीने कोणाकडे जायचे?

मुलींचा विषय निघाला म्हणून स्पष्ट बोलतो. सरकारी शाळांत समग्र शिक्षेखाली 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' चालते, खाजगी क्लासही 'मुलींसाठी स्वसंरक्षण' अशी पाटी लावतात. त्यात मनगट धरले तर कसे सोडवायचे हे शिकवतात. सर मनगट धरतात, मुलगी सोडवते, सगळे टाळ्या वाजवतात. पण डाव संपल्यावरही सरांनी हात सोडला नाही तर "सर, हात काढा" असे ती म्हणू शकते का? म्हणू शकत असेल तर ती स्वसंरक्षण शिकली. म्हणू शकत नसेल तर काळा पट्टा मिळाला तरी ती काही शिकली नाही.

येथे कायदा बराच मजबूत आहे, फक्त तो वापरणारे हात कमी पडतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजे पॉक्सो. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्याने बालकावर केलेला लैंगिक हल्ला त्यात अधिक गंभीर धरला आहे. कलम १९ प्रमाणे ज्याला असा प्रकार कळला त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य लपवले तर ती एक वर्षापर्यंत जाते. म्हणजे "क्लासची बदनामी नको, आपसात मिटवू" म्हणणारा समाजाचा पुढारीही यात सापडू शकतो. आपल्या वस्तीत अशा मिटवामिटवी करणाऱ्यांची कमतरता नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. अठरा वर्षांवरच्या मुलींसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे. त्यात कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडा संस्था आणि सरावाच्या जागा स्पष्टपणे घातल्या आहेत, आणि तक्रारदार नोकरीत असलीच पाहिजे असे नाही. क्लासमध्ये दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. बाळांसाठीचा १०९८ हा क्रमांक पोरांना पाठ असावा.

आता विहार समित्यांशी दोन शब्द. या भागात क्लासला जागा लागते आणि विहाराचा हॉल स्वस्तात मिळतो. समितीला भाडे मिळते, वर चार कार्यक्रमांत पोरांचा डेमो मिळतो, सगळे खूश. पण एकदा हॉल दिला की आई-बापाच्या लेखी त्या क्लासवर बाबासाहेबांच्या तसबिरीचा शिक्का बसतो. तेव्हा हॉल देताना अटी घालायला समितीला लाज वाटू नये. दरवाजा उघडा राहील आणि कोणत्याही आई-बापाला कोणत्याही दिवशी मागे बसून बघता येईल. मुली असतील तर एक बाई शिकवायला किंवा हजर राहायला असेल. फीचा आणि परीक्षांचा तक्ता भिंतीवर लावला जाईल. तीन वर्षांचे बंधन, दुसरीकडे न शिकण्याची अट असलेला फॉर्म हॉलमध्ये चालणार नाही. पाय धुण्याचा कार्यक्रम तर नाहीच. जे मास्तर चांगले आहेत, आणि ते या पट्ट्यात आहेत हे आम्ही जाणतो, ते या अटींना हसून हो म्हणतील. एकाने तर आम्हांला ऐकवले, "पालक मागे बसले की पोरे जास्त जोरात ठोसे मारतात, मला काय तोटा?"

येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक रविवार यासाठी काढावा, शक्यतो गोदामाची सुट्टी असलेला. त्या दिवशी ग्रंथवाचनात वीमंसक सुत्त घ्यावे, आणि ते झाले की आपल्या वस्तीतील पोरे ज्या ज्या क्लासला जातात त्या प्रत्येक क्लासचा फॉर्म मागवून सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, अगदी खालच्या बारीक अक्षरांसह. पोरांनाही बसू द्यावे. कायद्याची बाजू समजावून सांगायला कोणी लागले तर भिवंडीच्या न्यायालयात आपली माणसे आहेत, आणि रविवारी ती मोकळी असतात.